बोट पानावर, फोकस तारेवर

द्राक्षाच्या पानाचा फोटो धूसर आला की दोष कुणाचा, हे आपल्याकडे फोटो नीट पाहण्याआधीच ठरलेले असते. हात हलला, नाहीतर मोबाइल स्वस्तातला. ॲप बनवणारा हेच सांगतो, सल्लागार हेच सांगतो, औषधाच्या दुकानात काउंटरवर बसलेला हेच सांगतो, आणि चार वेळा ऐकल्यावर बागायतदारही ‘आमचा हातच तसला’ म्हणून मोकळा होतो. हे मत इतके अंगवळणी पडले आहे की ते खोटेही असू शकते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. माझे म्हणणे असे की यातले बरेचसे फोटो हाताने बिघडत नाहीत. काचेवर बोट टेकल्यानंतर ॲपने जी पाच-सहा कामे करायची असतात, त्यांतले एखादे राहून गेल्याने बिघडतात.

विषय किरकोळ वाटेल. सांगली जिल्ह्यात तो तसा नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळकडच्या बागांतून पानांचे फोटो धावू लागतात. डाऊनी आली तर पानाच्या वरच्या अंगाला पिवळसर तेलकट डाग पडतो आणि त्याच जागी खालच्या अंगाला पांढरी लव उगवते. भुरीही पांढरीच, पण ती पिठूळ थरासारखी पसरते आणि पानाच्या वरच्या अंगालाही ठळक दिसते. दोन्ही रोगांची जातकुळी वेगळी. डाऊनीचा जंतू शास्त्रीय वर्गीकरणात खऱ्या बुरशीत मोडतच नाही. भुरीला आवरणारे गंधक डाऊनीला आवरत नाही. लव आणि पीठ यांतला फरक फोटोत दिसतो तो मिलिमीटरच्या अंशाएवढ्या तपशिलात. फोकस चुकला की दोन्हींचा एकच पांढरा डाग होतो, आणि त्या डागावरून फवारणी ठरते.

शिवाय मोबाइलचा कॅमेरा आता शेतीच्या कागदपत्रांत शिरला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद शेतकरी स्वतः फोटोसह करू लागला. पीक विम्यात स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत द्यावी लागे, तीही मोबाइलवरून देता येई. इथे एक गोष्ट आधीच कबूल करतो. कोरेगावातले आल्याचे रान किंवा कराडकडचा उसाचा फड दहा-पंधरा पावलांवरून टिपायचा असेल, तर फोकसची फारशी काळजी नको. मोबाइलचे भिंग आखूड आणि सेन्सर लहान असल्याने चार-पाच मीटरपलीकडचे सगळे एकदमच स्पष्ट येते. माझा वाद जवळच्या वस्तूंपुरता आहे: पान, मणी, औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर, फूल. तिथे एका वितीवर स्पष्टपणाची पट्टी काही सेंटीमीटरांची उरते.

सातारा जिल्ह्यातल्या वाईला प्राज्ञपाठशाळेने शास्त्रार्थाची जी शिस्त जपली, ज्या शिस्तीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले, तिचा पहिला नियम असा की खोडायचे मत आधी त्याच्या कैवाऱ्याला पटेल इतक्या जोमाने मांडावे. तर पूर्वपक्ष असा. आजच्या मोबाइलचा ऑटोफोकस पुरेसा हुशार आहे. तो चेहरा ओळखतो, जवळची वस्तू ओळखतो. बागेत माणूस एका हाताने पान उलटे धरतो, दुसऱ्या हातात मोबाइल, वर वारा. अशा वेळी हात हलणारच. त्यात मोबाइल आठ-दहा हजारांचा. बोट टेकवून फोकस करण्याची सोय ही हौस आहे, आणि ती हवीच असेल तर ॲपल आणि गूगल यांनी तयार फंक्शने देऊन ठेवली आहेत, दोन ओळींचे काम. तेव्हा ॲपने करण्यासारखे काही उरत नाही. शेतकऱ्याला फोटो काढायला शिकवा.

यातल्या कुठल्याच वाक्याला मी वेडगळ म्हणणार नाही. पण ‘फोटो धूसर आहे, म्हणून हात हलला’ हे अनुमानच टिकत नाही. जो हेतू (अनुमानाचा आधार) साध्य (सिद्ध करायची गोष्ट) असते तिथेही सापडतो आणि नसते तिथेही, त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचार म्हणतात, आणि धूसरपणा हा तसला हेतू आहे. हात हलल्याने तो येतो, पान वाऱ्याने हलल्याने येतो, फोकस चुकल्याने येतो, आणि भिंगावर फवारणीचा थेंब वाळला असेल तरी येतो. मात्र या चारही धूसरपणांचा चेहरा सारखा नसतो. फोटो मोठा करावा आणि पानाऐवजी पानाच्या मागे पाहावे. हात हलला असेल तर सगळेच चित्र एका दिशेने ओढलेले दिसते, मांडवाची तारही दुहेरी होते. पान हलले असेल तर तार जागच्या जागी, पान तेवढे फरफटलेले. भिंग माखलेले असेल तर चित्रभर धुके आणि आभाळाच्या कडेला पांढरट फुगवटा. आणि फोकस चुकला असेल तर पान सगळ्या बाजूंनी सारखेच विरलेले, पण मागची तार, ठिबकची नळी किंवा खालची काळी माती, यांपैकी काहीतरी लख्ख. असा फोटो म्हणजे हात स्थिर होता याचा पुरावाच. ज्या पुराव्याने माणूस सुटायला हवा, त्याच पुराव्यावर आपण त्याला दोषी ठरवत आलो आहोत.

मोबाइल स्वस्त असण्याचा मुद्दा अन्वय-व्यतिरेकाने, म्हणजे एकच गोष्ट बदलून, तपासता येतो, आणि त्याला दोन मिनिटे पुरतात. तेच पान, तोच हात, तोच मोबाइल. एक फोटो मोबाइलसोबत आलेल्या कॅमेऱ्यातून, एक ॲपमधल्या कॅमेऱ्यातून. पहिला स्पष्ट आणि दुसरा धूसर आला तर बदललेली गोष्ट एकच आहे आणि ती मोबाइल नव्हे. भिंग तेच, सेन्सर तोच. दोन्ही धूसर आले तर बोलणे वेगळे, त्याकडे पुढे येतो.

आता मुख्य ठिकाण. बोट टेकते पडद्यावर, फोकस ठरतो सेन्सरवर, आणि या दोन पृष्ठभागांची मापे, आकार आणि दिशा जुळत नाहीत. हिशेब करूनच पाहू. पडदा १०८० पिक्सेल रुंद आणि २४०० उंच धरू. सेन्सर ४००० बाय ३०००, मोबाइलच्या पोटात आडवा बसवलेला. त्याचे चित्र उभे करून पूर्ण पडदा भरायचा तर ते २४०० उंच आणि १८०० रुंद होते. पडदा १०८०चाच, म्हणून डावी-उजवीकडचे ३६०-३६० पिक्सेल दिसेनासे होतात. बागायतदार डावीकडून २७० आणि वरून ६०० वरच्या डागावर बोट ठेवतो, म्हणजे रुंदीतही पाव आणि उंचीतही पाव. घाईत लिहिलेले ॲप हे पाव-पाव तसेच उचलते आणि सेन्सरवर (१०००, ७५०) या जागी फोकस मागते. खरे तर आधी कापलेले ३६० मिळवायला हवेत; ६३० भागिले १८००, म्हणजे ०.३५. मग चित्र ९० अंशांत वळवलेले आहे हे धरून आडव्या-उभ्याची अदलाबदल करायला हवी आणि ते ०.३५ उलट्या टोकाकडून मोजायला हवे. खरी जागा निघते (१०००, १९५०). चुकीची जागा उलटा हिशेब करून पडद्यावर आणली तर ती डावीकडून ९९० वर पडते. म्हणजे बोट डावीकडच्या पानावर आणि फोकस उजव्या काठाला, जिथे बहुधा तार असते नाहीतर पुढच्या ओळीतले खोड. वळण सांभाळले पण कापलेला भाग विसरला, तरी नेम १८० पिक्सेलने चुकतो. ॲपच्या दृष्टीने बोट २७० वर नसून ९० वर आहे.

ही चूक सापडत का नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. पडद्याच्या बरोबर मध्यावर बोट टेकवले तर चुकीचा हिशेब आणि बरोबर हिशेब दोन्ही सेन्सरच्या मध्यावरच येतात. वळवा, कापा, उलटे करा, मध्यबिंदू हलत नाही. ऑफिसात टेबलावर चहाचा कप ठेवून त्यावर बोट टेकवणारा माणूस बहुतेक वेळा मध्यावरच टेकवतो. कप स्पष्ट दिसतो, काम पुरे झाल्याची खूण पडते, ॲप तासगावला पोहोचते. तिथे माणूस मांडवाखाली वाकलेला, पान कोपऱ्यात, आणि मग ऐकायला मिळते की हात हलला.

दिशेबद्दलचे गृहीतही कायमचे खरे नसते. बहुतेक मोबाइलांत मागच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ९० अंशांत असतो म्हणून अनेकांनी तो आकडा कोडमध्ये सरळ लिहून टाकला होता. २०१५ सालच्या नेक्सस ५एक्समध्ये तो २७० अंशांत बसवलेला निघाला आणि कितीतरी ॲपांत चित्र उलटे दिसू लागले. उलटे चित्र निदान डोळ्यांना दिसते. उलट्या जागी गेलेला फोकस दिसत नाही.

‘दोन ओळींचे काम’ या दाव्याला इतिहासच उत्तर देतो. आयफोनवर बोट टेकवून फोकस करण्याची सोय २००९ मध्ये ३जीएससोबत आली. ॲपलने फोकसच्या जागेसाठी शून्य ते एक अशी मोजपट्टी ठेवली, पण ती मोबाइल आडवा धरला आहे असे मानून. तुम्ही तो उभा धरला तरी पट्टी आडवीच राहते. अँड्रॉइडने २०११ मध्ये ४.० आवृत्तीत वेगळी पट्टी दिली, उणे १००० ते अधिक १०००. २०१४ च्या ५.० मध्ये तीही मागे पडली आणि थेट सेन्सरच्या पिक्सेलांत जागा सांगण्याची रीत आली. पुढे कॅमेराएक्स नावाचे आवरण आले, ते हा हिशेब स्वतः करते. पण कधी? चित्र दाखवण्यासाठी त्याचीच खिडकी वापरली तर. अनेक ॲपे आपली स्वतःची खिडकी बांधतात, वर गावाचे नाव, गट क्रमांक, तारीख यांची पट्टी चढवतात, खिडकी थोडी खाली सरकवतात आणि बोटाची जागा मात्र पूर्ण पडद्यावरून मोजतात. फंक्शन बरोबर उत्तर देते. प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

जागा बरोबर कळवली तरी भिंग आपोआप तिकडे वळत नाही, हेही फारसे कुणी सांगत नाही. आयफोनमध्ये नुसती जागा ठरवल्याने काहीच घडत नाही. त्यानंतर फोकसची पद्धत पुन्हा ठरवावी लागते, तेव्हा शोध सुरू होतो. अँड्रॉइडच्या नव्या पद्धतीत जागा द्यायची, सततच्या ऑटोफोकसवरून एका वेळच्या फोकसवर यायचे, शोधाची आज्ञा एकदाच द्यायची आणि वाट पाहायची. एकदाच, हे महत्त्वाचे. ती आज्ञा चुकून दर चौकटीसोबत जाणाऱ्या विनंतीत अडकली तर भिंग दर वेळी नव्याने शोधायला लागते आणि कुठेच ठरत नाही. वाट पाहिल्यावर कॅमेरा दोनांपैकी एक उत्तर देतो: फोकस मिळाला आणि धरून ठेवला, किंवा मिळाला नाही. या उत्तराची वाट न पाहता फोटो घेतला तर भिंग अर्ध्या रस्त्यात असते.

आणि तो पिवळा चौकोन! बोट टेकताच तो उमटतो, जरासा आकसतो, हिरवा होतो; माणसाला वाटते कॅमेऱ्याने होकार दिला. कित्येक ॲपांत तो नुसता चितारलेला असतो. ठरावीक वेळाने हिरवा व्हायचे हे त्याला आधीच शिकवलेले असते, भिंगाने काय केले याच्याशी त्याचा संबंध नसतो. बागायतदाराने मात्र साक्ष मिळाली असे समजून बटण दाबलेले असते. यापेक्षा चौकोन नसलेला बरा.

फोकस धरून किती वेळ ठेवायचा, इथेही दोन्हीकडून घसरण आहे. कॅमेराएक्स काही वेगळे सांगितले नाही तर ५ सेकंदांनी पकड सोडते आणि पुन्हा आपल्या मर्जीने शोधू लागते. टेबलावरच्या कपाला पाच सेकंद भरपूर. वाकून, पान उलटे करून, आपलीच सावली बाजूला सारून, मग बटण शोधणाऱ्याला ते अपुरे पडतात. उलट काही ॲपे पकड सोडतच नाहीत. पानाचा फोटो झाला, माणूस दोन पावले मागे येऊन घडाचा फोटो घेतो, भिंग अजून पानाच्याच अंतरावर. समोरचे दृश्य बदलले की कळवण्याची सोय आयफोनमध्ये आहे, ती ऐकली तर पकड वेळेवर सुटते. ती ऐकायची की नाही हे ॲप लिहिणाऱ्यावर आहे.

बोट टेकण्यासोबत आणखी काय काय हलते, याचाही विचार हवा. कॅमेराएक्समध्ये वेगळे न सांगता बोट टेकवले तर फोकस, उजेड आणि रंगांचा तोल ही तिन्ही मापे त्याच जागेवरून घेतली जातात, मोबाइलमध्ये ती सोय असेल तर. उजेड घेणे योग्यच. आभाळाच्या पार्श्वभूमीवर पानाची खालची बाजू काळवंडते, ती उजळायला हवी. पण रंगांचा तोल हिरव्यागार पानावरून ठरवू दिला तर डागाची पिवळी छटा बदलू शकते, आणि रोग ओळखायचा तो नेमका त्या छटेवरून. पानांचे फोटो घेणाऱ्या ॲपने रंगांना बोट लावू नये असे माझे मत आहे, आणि त्यासाठी खरोखरच एखादी ओळच लागते.

ऑटोफोकस हुशार आहे, मग बोट कशाला, हा पूर्वपक्षाचा सर्वांत भारदस्त मुद्दा. त्याची परीक्षा घ्यायला साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर कास पठार आहे, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग. पावसाळ्याच्या शेवटी तिथे गेंदांचे पांढरे गोळे बारीक देठांवर डोलत असतात, मध्येच सीतेची आसवे जांभळी दिसतात, ओल्या मातीलगत दवबिंदूची चिकट लाल पाने. फुले काही मिलिमीटरांची, भोवती गवताच्या शेकडो पाती, प्रत्येक पात्याची कड फुलापेक्षा ठसठशीत. ऑटोफोकस ठसठशीतपणाच्या मागे जातो. त्याने गवत निवडले तर त्याचे चुकले असे म्हणताच येत नाही. वीतभर अंतरात तीन थर असताना त्यांतला कोणता हवा, हे माणसाच्या मनात असते आणि ते कॅमेऱ्यापर्यंत पोहोचायला बोटाशिवाय दुसरी वाट नाही. त्यातही फोकससाठी मागितलेला चौकोन मोठा असला तर फुलासोबत गवत आत येते आणि गवतच जिंकते. कॅमेराएक्सचा ठरलेला चौकोन चित्राच्या बाजूच्या ०.१५ एवढा असतो. फुलासाठी तो लहान करावा लागतो.

कासला आणखी एक अडचण येते. वाट सोडून फुलांत शिरणे हा अपराधच, म्हणून शहाणा माणूस वाटेवरून झूम करतो. झूम केले की बोटाच्या जागेचा हिशेब पुन्हा बदलतो. अँड्रॉइड १० पर्यंत झूम म्हणजे सेन्सरचा मधला तुकडा कापणे, आणि फोकसची जागा त्या तुकड्याच्या आतली द्यावी लागे. ११ पासून झूमचे प्रमाण वेगळे सांगता येते आणि तसे केल्यास जागा झूम झालेल्या चित्रावरून मोजायची असते. दोन रीतींची सरमिसळ झाली की एकपट झूमवर सगळे ठीक आणि तिपटीवर फोकस भलतीकडे.

आता ती दोन्ही फोटो धूसर येण्याची गोष्ट. पूर्वपक्षाचे खरे बळ इथे आहे. प्रत्येक भिंगाला जवळची एक मर्यादा असते. बऱ्याच मोबाइलांत ती १० सेंटीमीटरच्या आसपास, मोठ्या सेन्सरच्या महागड्या मोबाइलांत त्याहून बरीच जास्त. डाग मोठा दिसावा म्हणून माणूस मोबाइल पानाला भिडवतो आणि कुठल्याही ॲपला फोकस मिळत नाही. काही कॅमेऱ्यांचे भिंग तर हलतच नाही. पण हे सगळे मोबाइल ॲपला आधीच सांगू शकतो. अँड्रॉइडमध्ये जवळच्या मर्यादेचा आकडा डायॉप्टरमध्ये विचारता येतो: १० म्हणजे १० सेंटीमीटर, शून्य म्हणजे न हलणारे भिंग. विचारले तर पडद्यावर ‘मोबाइल जरा मागे घ्या’ असे मराठीत लिहिता येते, आणि शून्य आले तर तो चौकोन काढण्याचा खोटेपणा टाळता येतो. न विचारता शेतकऱ्याला शिकवायला निघणे हा उलटा कारभार झाला.

तपासणीला खर्च नाही. सांगलीत वालचंद अभियांत्रिकीची पोरे एका दुपारी तासगाव रस्त्याला लागून कुठल्याही बागेत ती करू शकतील. बारीक अक्षरांचे दोन कागद घ्यावेत. एक पाव मीटरवर, तो पडद्याच्या एकाच कोपऱ्यात दिसेल असा. दुसरा दीड मीटर मागे, उरलेला पडदा भरेल असा. जवळच्यावर बोट टेकवून फोटो, मागच्यावर उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांत टेकवून एकेक फोटो. मग दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. मोबाइल आडवा करून पुन्हा, झूम वाढवून पुन्हा. डावा-वरचा कोपरा मागितल्यावर उजवा-वरचा स्पष्ट झाला आणि उजवा-वरचा मागितल्यावर उजवा-खालचा, म्हणजे सगळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक घर पुढे सरकले, तर सेन्सरचे वळण विसरलेले आहे. बोटापेक्षा फोकस कडेकडे सरकत असेल तर कापलेला भाग धरलेला नाही. फक्त झूम केल्यावर बिघडत असेल तर कुठे पाहायचे ते वर आलेच आहे. पडद्यावर कागद स्पष्ट आणि साठवलेल्या फोटोत धूसर असेल तर भिंगाच्या उत्तराची वाट पाहिलेली नाही. चारही कोपरे, आडवे-उभे, झूम, सगळे चोख निघाले आणि तरी बागेतून आलेल्या फोटोत पानासोबत मागची तारही त्याच दिशेने ओढलेली दिसली, तर मग खुशाल म्हणावे, हात हलला.